डेगूची पिल्लं, दोन सेंटिमीटरच्या फटी आणि सहावा आठवडा

वाचकाचं पत्र, थोडक्यात

जर्मनीत राहणाऱ्या एका आईचं पत्र आहे. अकरा वर्षांच्या लेकीसाठी त्यांनी काही महिन्यांपूर्वी एका छोट्या जाहिरातीवरून दोन डेगू (उंदरासारखे दिसणारे, कुरतडणारे छोटे पाळीव प्राणी) आणले. विकणाऱ्यानं ‘सख्ख्या बहिणी’ म्हणून दिले होते. एकीचं पोट सुटायला लागलं म्हणून दवाखान्यात नेलं, तर ती गाभण निघाली आणि दुसरी ‘बहीण’ नर निघाली. सोनोग्राफीवरून डॉक्टरांचा अंदाज असा की अजून साधारण पाच आठवडे आहेत.

त्या लिहितात: ‘सध्याचा पिंजरा १२० सेंटिमीटर उंच, तीन मजली आहे. गजांमध्ये दोन सेंटिमीटरचं अंतर आहे आणि आत २० सेंटिमीटरचं चाक आहे. पिल्लांना जागा लागेल म्हणून १६० सेंटिमीटरचा नवा पिंजरा बघून ठेवलाय. कापसाचं मऊ घरटं करायचं आणि वर उबेचा दिवा लावायचा असं ठरलंय. नर पिल्लांना इजा करेल, म्हणून पिल्लं दिसली की लगेच त्याला दुसऱ्या खोलीत हलवणार. आईला ताकद यावी म्हणून सफरचंद, गाजर आणि थोडा गूळ-शेंगदाणा सुरू केलाय. पुण्याहून सासूबाईंनी डिंकाच्या लाडवाचा चुरा द्यायला सांगितलंय. लेक म्हणते, एकही पिल्लू द्यायचं नाही. अजून काय तयारी करू?’

उत्तर

नमस्कार.

पाच आठवडे हातात आहेत, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. तयारीही तुम्ही मनापासून केली आहे. फक्त ती करताना तुमच्या डोळ्यांसमोर उंदराची पिल्लं आहेत असं दिसतं: उघडी, गुलाबी, डोळे मिटलेली, दोनेक आठवडे घरट्यात पडून राहणारी. डेगूची पिल्लं तशी नसतात. उंदराचं गाभणपण तीन आठवड्यांचं, डेगूचं सुमारे नव्वद दिवसांचं. एवढा काळ पोटात काढून आलेलं पिल्लू अंगावर केस घेऊनच जन्मतं. डोळे जन्मतः उघडे असतात किंवा लवकरच उघडतात. वजन जेमतेम १४ ग्रॅमच्या आसपास असतं, पण पहिल्या दिवशीच ते चालायला लागतं आणि आठवड्याच्या आत दिसेल त्यावर चढू बघतं. या बाबतीत डेगू गिनीपिग आणि चिंचिलाच्या कुळाला धरून आहे.

म्हणून तुमची तयारी घरट्याभोवती फिरतेय, ती पिंजऱ्याच्या भिंती, उंची आणि फटी यांच्याकडे वळवायला हवी. त्याहीआधी दोन गोष्टी आजच करण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट खाण्याची. गूळ, सफरचंद, गाजर आजपासून बंद, आणि लाडवाचा चुरा तर मुळीच नको. बाळंतिणीला पौष्टिक द्यावं हा सासूबाईंचा विचार योग्यच आहे, प्राणी तेवढा वेगळा आहे. डेगू मूळचा मध्य चिलीचा. तिथल्या कोरड्या, झुडपाळ उतारांवर गवत, पाला, सालं आणि बिया खाऊन तो जगतो, गोड फळ त्याच्या वाट्याला क्वचितच येतं. त्याच्या इन्शुलिनची रचनाही बहुतेक सस्तन प्राण्यांपेक्षा निराळी आहे. साखर त्याला झेपत नाही, मधुमेह सहज होतो आणि मधुमेहाच्या पाठोपाठ मोतीबिंदू फार लवकर येतो. गाभण मादीला गोड दिल्यानं ताकद येत नाही, धोका तेवढा वाढतो.

तिला जास्तीचं हवं आहे ते प्रथिन आणि तंतू. चांगल्या प्रतीचं वाळलेलं गवत चोवीस तास, लागेल तितकं. एरवी एका प्रौढ डेगूला दिवसाला साधारण १० ग्रॅम गोळी-खाद्य पुरतं. शेवटच्या महिन्यात आणि दूध पाजत असताना ते १५ ग्रॅमपर्यंत न्यायला हरकत नाही. घेताना पाकिटावरची यादी वाचा: मोलॅसेस, मध, सुकी फळं यांपैकी काहीही असेल तर ते ठेवून द्या, मग पुढे डेगूचं चित्र का असेना. त्याच्या जोडीला रोज चिमूटभर अल्फाल्फाचं म्हणजे लसूणघासाचं वाळलेलं गवत, आणि डँडेलियन किंवा खाजकुइलीसारख्या खाजऱ्या नेटलचा वाळवलेला पाला. पाला बाहेरून आणणार असाल तर रस्त्याकडेचा आणि कुत्री फिरवतात त्या पट्ट्यातला नको. शेंगदाणा फार तेलकट, तो आठवड्यातून एखादा, हातावर घेण्याची सवय लावण्यापुरता. गोळी-खाद्याचा ब्रँड बदलायचा असेल तर जुन्यात नवं मिसळत आठ-दहा दिवसांत बदला. आणि ती जाड दिसते म्हणून या काळात तिचं खाणं तोडू नका. गाभण मादी उपाशी राहिली तर चरबी झपाट्यानं वितळून यकृतावर ताण येतो आणि ते जिवावर बेतू शकतं.

दुसरी गोष्ट नराची, आणि या पत्रातला सगळ्यात घाईचा निर्णय तोच आहे.

तो पिल्लांना मारेल ही भीती बाजूला ठेवा. डेगू नर सहसा पिल्लांवर बसून त्यांना ऊब देतो, चाटतो, आई खायला गेली की त्यांच्याजवळ थांबतो. तुमच्याच देशात, माग्डेबुर्गच्या ओटो फॉन गेरिके विद्यापीठात, बापाविना वाढवलेल्या डेगू पिल्लांच्या मेंदूचा अभ्यास झाला आहे. बापासोबत वाढलेल्या पिल्लांपेक्षा त्यांच्या मेंदूतल्या जोडण्यांच्या घडणीत फरक दिसला. म्हणजे नर तिथे अडचण नसून मदतनीस आहे.

खरी अडचण वेगळी आहे. पिल्लं झाल्यावर काही तासांतच मादी पुन्हा माजावर येऊ शकते. ‘पिल्लं दिसली की नराला हलवू’ या बेतात तेवढ्यातच उशीर झालेला असतो. रात्री पिल्लं झाली, सकाळी सात वाजता तुम्ही बघितली, आणि नव्वद दिवसांनी पुन्हा तोच प्रसंग. तेही पहिल्या खेपेचं दूध पाजत असतानाच पोटात दुसरी खेप वाढवत. त्यात हे दोघं एकाच वेताचे भाऊ-बहीण असण्याची दाट शक्यता आहे. या खेपेचं आता काही करता येणार नाही, पण पुढची खेप होऊ नये यासाठी जे करावं लागेल ते करा.

पर्याय तीन दिसतात. एक, नराला कायमचा दुसऱ्या खोलीत एकटा ठेवणं. हे सोपं वाटतं, पण डेगू कळपातला प्राणी आहे. एकटा पडला की तो खंगतो, आणि दोनेक आठवडे एकमेकांचा वास नसेल तर परत एकत्र आणताना जोरदार मारामाऱ्या होतात. दोन, काहीच न करता दोघांना एकत्र ठेवणं. याचा परिणाम वर सांगितलाच. तीन, नराला आत्ताच न्यूटर करून घेणं, म्हणजे शस्त्रक्रिया करून त्याची प्रजननक्षमता घालवणं. तुमच्यासाठी हा तिसरा, पण थोडं गणित करून.

न्यूटर केल्यावर नर लगेच निर्धोक होत नाही. आधीचे शुक्राणू काही काळ टिकतात, त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर सहा आठवडे त्याला प्रजननक्षमच धरायचं. समजा येत्या आठवड्यात शस्त्रक्रिया झाली. मग पिल्लं येतील तेव्हा चार आठवडे झालेले असतील आणि दोन आठवडे बाकी राहतील. तेवढ्या काळासाठी त्याला दुसऱ्या खोलीत न नेता त्याच पिंजऱ्यात मधे जाळी घालून वेगळा करा. जाळी दुहेरी हवी, दोन्हींमध्ये दोन-तीन सेंटिमीटर मोकळी जागा सोडून. एकेरी जाळी असली की पलीकडची बोटं चावली जातात. वास, आवाज, नजर सगळं चालू राहतं, म्हणून पिल्लं दोन आठवड्यांची झाल्यावर त्याला परत घेणं बरंच सोपं जातं. तारखेच्या अंदाजात चूक होऊ शकते, त्यामुळे जाळी सांगितलेल्या तारखेच्या किमान दहा दिवस आधी बसलेली हवी.

डॉक्टर निवडताना डेगू किंवा चिंचिलावर नियमित शस्त्रक्रिया करणारेच शोधा आणि फोनवर स्पष्ट विचारा. कुत्र्या-मांजरांसारखं याला आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवायचं नसतं. कुरतडणाऱ्या प्राण्यांना उलटी होत नाही, उलट उपाशी राहिल्यानं आतडी थंडावतात. ‘रात्रभर काही देऊ नका’ असं कुणी सांगितलं तर दुसरा दवाखाना बघा. घरी आणल्यावर पाच-सहा दिवस त्याच्या भागात भुशाऐवजी साधा किचन-पेपर किंवा जुने सुती कपडे अंथरा, म्हणजे टाक्यांत धूळ जाणार नाही.

आता पिंजरा. १६० सेंटिमीटरचा नवा पिंजरा आत्ता घेऊ नका. प्रौढ डेगूंना उंची आवडते हे खरं, दोघांसाठी सुद्धा १०० × ५० × १०० सेंटिमीटर हे किमान माप समजलं जातं. पण पहिले चार आठवडे तीच उंची पिल्लांच्या मुळावर येते. पाच-सहा दिवसांचं पिल्लू गजांना धरून सरळ वर जातं, उतरता मात्र त्याला येत नाही. वरून सुटलं की मधल्या फळीच्या कडेवर आदळतं. मणका किंवा पाय गेला की फारसं काही करता येत नाही.

आणि तुमच्या गजांमधल्या दोन सेंटिमीटरच्या फटी! नवजात पिल्लू त्यातून पूर्ण बाहेर येतं. जिथून डोकं जातं तिथून बाकीचं अंग जातंच, तेही एका झटक्यात. बाहेर पडलेलं पिल्लू आईच्या उबेपासून तुटतं, जमिनीवर गारठतं, नाहीतर सोफ्याखाली नाहीसं होतं. निम्मं बाहेर येऊन अडकलेलं त्याहून वाईट.

यावर दोन उपाय आहेत. तुमच्या जागी मी पहिला निवडेन.

पहिला म्हणजे काचेची टाकी. माशांची जुनी टाकी, अगदी गळकी सुद्धा चालते, जर्मनीत जुन्या सामानाच्या जाहिरातींत फार स्वस्तात मिळते. १०० × ४० × ४० ही सगळीकडे दिसणारी टाकी एकट्या आईला आणि पिल्लांना चालून जाईल, पण मधे जाळी घालून नरालाही सामावायचं आहे, म्हणून १२० × ५० × ५० ची शोधा. ही रिकामी टाकीही एकट्यानं उचलू नका. मधली जाळी अशी लावा की आई-पिल्लांकडे साधारण ७५ सेंटिमीटर आणि नराकडे उरलेली ४० च्या आसपास लांबी येईल. नराच्या वाट्याची जागा अपुरी आहे, म्हणून त्याला रोज तास-दीड तास तुमच्या देखरेखीखाली खोलीत मोकळं सोडा. झाकण लाकडी चौकटीवर ताणलेल्या जाळीचंच हवं. काच किंवा प्लास्टिक वर ठेवलं तर हवा कोंडते, लघवीचा अमोनिया तळाशी साठतो आणि नेमकी पिल्लंच तळाशी असतात. काच गुळगुळीत असल्यामुळे चढणं नाही, फटीही नाहीत.

दुसरा उपाय म्हणजे आहे तोच पिंजरा सुधारणं. वरचे मजले काढा किंवा मधल्या फळीचं तोंड बंद करून फक्त तळमजला वापरा. आतली उंची ५० सेंटिमीटरच्या वर जाऊ देऊ नका. चारही बाजूंना, दारालाही, १ सेंटिमीटर चौकोनाची वेल्डेड जाळी बाहेरून लावा. तार निदान १ मिलिमीटर जाडीची हवी. मच्छरदाणीसारखी नायलॉनची जाळी डेगू एका रात्रीत कापतो. जाळी गजांना तारेनं किंवा धातूच्या क्लिपांनी बांधा, प्लास्टिकचे केबल-टाय तो कुरतडून टाकतो. तारेची टोकं बाहेर वळवा. नवी जस्ती जाळी असेल तर आधी व्हिनेगरनं घासून, धुऊन, वाळवून घ्या, कारण जस्ताची भुकटी पोटात जाणं चांगलं नाही. सगळ्यात जास्त चुका होतात त्या दाराच्या बिजागरीपाशी आणि प्लास्टिकच्या तळाला गज टेकतात तिथल्या सांध्यात. तिथे बोट फिरवून बघा. करंगळीचं टोक आत जात असेल तर ती फट बुजवायची.

आतली मांडणी सांगते, कारण इथे चूक होते ती दिसत नाही. तळाशी अर्ध्या भागात १५ सेंटिमीटर जाडीचा थर द्या. धूळ काढलेली लाकडाची सालपटं आणि वाळलेलं गवत एकत्र दाबून, म्हणजे आईला उकरता येतं आणि कुणी पडलंच तर मऊ लागतं. सीडरचा भुसा नको, त्याचा उग्र अंश श्वासाला त्रास देतो. उरलेल्या अर्ध्या भागात तीन-चार सेंटिमीटरचा थर पुरे.

घरट्यासाठी लाकडी खोकं हवं. आतून ३० × २० आणि उंची १५ सेंटिमीटर, १२ ते १५ मिलिमीटर जाडीच्या, रंग-पॉलिश नसलेल्या लाकडाचं. दोन विरुद्ध बाजूंना ७-८ सेंटिमीटरची भोकं, म्हणजे कुणी कोंडलं जात नाही. छत सुटं ठेवा, पिल्लं बघायला खोकं उचलावं लागत नाही. स्क्रूची डोकी लाकडात बुडलेली असावीत. खोकं सालपटांवर ठेवू नका, टाकीच्या तळाला चार पायांवर किंवा विटांवर टेकवा आणि मग भोवती थर भरा. डेगू खालून उकरतात. भुशावर टेकलेलं खोकं किंवा दगड खाली खचतो आणि नेमका त्याखाली झोपलेल्या पिल्लावर बसतो. जड वस्तू आधी तळावर, थर मागून, एवढा क्रम पाळला की झालं.

खोक्यात काय घालायचं? मऊ वाळलेलं गवत आणि वास नसलेल्या साध्या टिश्यूचे तुकडे. बाकीचं घर आई स्वतः लावते. कापूस नको, आणि दुकानात ‘घरट्यासाठी’ म्हणून मिळणारा पिंजलेला मऊ तंतूही नको. तो धागा पिल्लाच्या पायाभोवती गुंडाळला जातो, रक्त थांबतं आणि पाय जातो. आईनं गिळला तर आतड्यात गोळा होतो.

उबेचा दिवा परत करून टाका. या पिल्लांच्या अंगावर केस आहेत, आई आहे, आणि एकमेकांना चिकटून ती हवी तेवढी ऊब राखतात. खोलीचं तापमान १८ ते २२ अंश ठेवा. दिव्याखाली आईलाच उकडतं आणि ती घरटं सोडून थंड कोपऱ्यात जाऊन बसते, मग पिल्लं खरोखर एकटी पडतात. तीसच्या वरचं तापमान डेगूला मुळातच सोसत नाही, छपराखालच्या घरात उन्हाळा काढत असाल तर हे लक्षात ठेवा. उबेपेक्षा झोत टाळणं महत्त्वाचं. भर थंडीत खिडक्या सताड उघडून दहा मिनिटं हवा खेळवायची जर्मन रीत चांगली आहे, पण टाकी त्या खिडकीसमोर नको आणि रेडिएटरला चिकटूनही नको.

चाक पिल्लं व्हायच्या आठवडाभर आधी काढून ठेवा आणि पिल्लं पाच आठवड्यांची होईपर्यंत परत लावू नका. आई जोरात पळत असते आणि पिल्लू चाकाच्या आणि स्टँडच्या मधे शिरतं. परत लावाल तेव्हा हे २० सेंटिमीटरचं लावू नका. प्रौढ डेगूची पाठ त्यात कमानीसारखी उलटी वाकते. ३० सेंटिमीटर व्यासाचं, सलग पृष्ठभागाचं, काड्या नसलेलं चाक हवं. तोवर पुठ्ठ्याच्या नळ्या आणि झाडाच्या साध्या फांद्या द्या. हेझल आणि सफरचंदाच्या फांद्या चांगल्या. (हो, सफरचंदाची फांदी चालते, फळ नाही.)

पाण्याची वाटी काढा. दोन बाटल्या लावा, एकीची नळी ८-१० सेंटिमीटरवर आईसाठी, दुसरीची ४-५ सेंटिमीटरवर पिल्लांसाठी. दूध पाजणारी मादी एरवीपेक्षा बरंच जास्त पाणी पिते. जर्मनीत बऱ्याच शहरांत पाणी जड आहे, क्षार साचून नळीतली गोळी अडकते आणि बाटली भरलेली दिसत असूनही प्राणी तहानलेला राहतो. रोज सकाळी बोटानं गोळी दाबून थेंब येतो का बघायचं आणि आठवड्याला नळी व्हिनेगरमध्ये बुडवून धुवायची. वाळूची आंघोळही अंदाजे तारखेच्या तीन-चार दिवस आधीपासून पिल्लं झाल्यावर आठवडाभर बंद ठेवा, वाळू आईच्या जखमेत आणि पिल्लांच्या डोळ्यांत जाते. नंतर दिवसातून पंधरा मिनिटं भांडं ठेवून काढून घ्या.

ही सगळी मांडणी तारखेच्या दोन आठवडे आधी पूर्ण करून आईला तिथे हलवा. नव्या जागेला स्वतःचा वास लागायला तिला तेवढा वेळ हवा. शेवटची पूर्ण सफाई तारखेच्या आठवडाभर आधी, आणि त्यानंतर पिल्लं दहा दिवसांची होईपर्यंत पूर्ण सफाई नाही. पिल्लं झाल्यावर रक्तानं भिजलेला भाग मूठभर काढायचा, ओला कोपरा बदलायचा, बस. पुढेही एका वेळी अर्धाच थर बदला.

प्रत्यक्ष जन्माच्या वेळी तुम्हाला काही करायचं नाही. पाच-सहा पिल्लं ही नेहमीची संख्या, कधी एक, कधी दहा. काही तास लागू शकतात. रक्त दिसेल, आई वार खाईल, ते स्वाभाविक आहे. लेकीला बघायचं असेल तर जुना फोन कॅमेरा म्हणून लावा, पण रात्री त्यासाठी दिवा लावू नका. डॉक्टरांना फोन करायचा तो या वेळी: दोन तास जोर देऊनही पिल्लू येत नसेल, रक्त वाहत राहिलं, नंतर दुर्गंधीचा स्राव आला, किंवा आईनं अर्धा दिवस काहीच खाल्लं नाही. रात्रीच्या आणि रविवारच्या तातडीच्या सेवेत डेगू हाताळणारं कोण आहे, तो नंबर आत्ताच शोधून फ्रिजवर लावून ठेवा. ऐनवेळी सापडत नाही.

दुसऱ्या दिवसापासून वजन. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा, त्यावर कापड घातलेली खोल वाटी, रोज एकाच वेळी. पिल्लं सारखीच दिसतात, म्हणून कानाच्या मागचे थोडे केस वेगवेगळ्या जागी कातरून खूण करा. आकडा रोज थोडा तरी वर जायला हवा. एक दिवस जागच्या जागी राहिला तर लक्ष ठेवा, सलग दोन दिवस उतरला तर डॉक्टर. आईला चार जोड्या स्तनाग्रं असतात, त्यामुळे आठपर्यंत पिल्लांची चिंता नको. त्याहून जास्त असली तर मोठी पिल्लं अर्धा तास बाजूला ठेवून लहानग्यांना आधी पिऊ द्या. गारठलेलं, ढिलं पडलेलं पिल्लू आधी हातात धरून गरम करायचं, मगच आईजवळ. गार पिल्लाला दूध पाजलं तर ते पचत नाही आणि श्वासनलिकेत जायची भीती असते. गाईचं दूध कुणालाच नाही. वरून पाजायची वेळ आलीच तर मांजराच्या पिल्लांसाठी मिळणारी दुधाची पावडर, तीही डॉक्टरांनी प्रमाण सांगितल्यावर.

आई पाजताना एक बारीक, सलग घुमणारा आवाज काढते. तो ऐकू येत असेल आणि पिल्लांची पोटं भरलेली दिसत असतील तर उगाच झाकण उघडू नका. पहिल्या आठवड्यातच पिल्लं गवताची काडी चघळायला लागतात, म्हणून गवत आणि थोडं गोळी-खाद्य त्यांना गाठता येईल असं तळाशीही ठेवा.

हाताळण्याबद्दल लेकीला एक नियम पक्का सांगा: शेपटीला हात नाही. संकटात डेगूच्या शेपटीची कातडी मोज्यासारखी सुटून हातात येते आणि ती परत कधी येत नाही. दोन्ही ओंजळींत, जमिनीवर बसून, पाचेक मिनिटं. उभं राहून कधीच नाही, पिल्लू खांद्यावरून उडी मारतं.

आता ‘एकही द्यायचं नाही’ याबद्दल. हे लेकीला मोडून काढण्यापेक्षा कागदावर तिच्याकडूनच मांडून घ्या. सहा पिल्लं झाली, तीन नर, तीन माद्या असं धरा. माद्या सातव्या आठवड्याच्या सुमारास गाभण राहण्याच्या वयात येऊ शकतात, म्हणून सहा आठवडे भरले की नर पिल्लं आई आणि बहिणींपासून वेगळी करावीच लागतात. आई आणि तीन मुली एका पिंजऱ्यात, तीन मुलगे दुसऱ्या पिंजऱ्यात. बाप न्यूटर झालेला, म्हणून तो मादीजवळ राहील. म्हणजे पाच जणांचा एक मोठा पिंजरा आणि तिघांचा दुसरा, दोन चाकं, दोन वाळूची भांडी, आठ प्राण्यांचे डॉक्टर. डेगू चांगल्या निगेत सहा ते आठ वर्षं जगतात. लेक तेव्हा अठरा-एकोणीसची असेल, शिकायला दुसऱ्या गावी गेलेली असेल. हे सगळं मांडून झाल्यावरही घरात जागा आणि तयारी असेल तर जरूर ठेवा. १६० सेंटिमीटरचा पिंजरा आत्ता घेऊ नका म्हटलं तरी त्याचे पैसे राखून ठेवा, ते याचसाठी. तो पिंजरा तुम्हाला जन्माच्या वेळी लागणार नाही, सहाव्या आठवड्यात लागेल.

नर-मादी ओळखण्यात विकणाऱ्याची जी चूक झाली ती सहज होते. डेगूच्या मादीलाही लघवीच्या जागी लहान शंकूसारखा उंचवटा असतो, आणि नराच्या वृषणांची पिशवी बाहेर दिसत नाही. उंचवटा बघून ठरवू नका. तो आणि गुदद्वार यांच्यातलं अंतर बघा. मादीत दोन्ही जवळजवळ लागून असतात, नरात मधे स्पष्ट मोकळी जागा असते. एकटं पिल्लू बघून कळत नाही, भावंडं शेजारी शेजारी धरून तुलना करा. तिसऱ्या आठवड्यात एकदा, पाचव्यात पुन्हा, आणि वेगळं करायच्या आधी डॉक्टरांकडून खात्री. पाच आठवड्यांच्या आत मात्र आईपासून तोडू नका, वागणं-बोलणं ती याच काळात शिकतात.

जी द्यायची असतील त्यांची जाहिरात तिसऱ्या आठवड्यातच टाका. देताना एकाच लिंगाची जोडी द्या, एकटं कुणालाच नाही. घेणाऱ्याकडे आधीच एक डेगू असेल तर ओळख कशी करून देणार ते विचारा. पिंजऱ्याचा फोटो मागवून मजले, जाळी, चाकाचा व्यास बघा. पिल्लांचे आईबाप एकाच वेताचे असू शकतात, हे स्पष्ट सांगून पुढे वीण घेऊ नये अशी अट लेखी घाला. घरं मिळाली नाहीत तर गावातल्या प्राणी-निवाऱ्याला आत्ताच फोन करून ठेवा, कारण त्यांच्याकडेही रांग असते. प्रत्येक जोडीबरोबर आठवड्याचं नेहमीचं खाद्य आणि जुन्या पिंजऱ्यातलं मूठभर न धुतलेलं अंथरूण पिशवीत बांधून द्या. नव्या जागी पहिले दोन दिवस तेवढ्या वासानं पिल्लं खायला लवकर लागतात.